मोरीच्या डोहातला ढोक: प्रकल्प नोंदी, २०२५-२६

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

वही आज सुरू केली. ओढा आरेच्या बाजूचा, डोंगरउतारावरून येणारा आणि पुढे ओशिवरा नदीला मिळणारा. याहून नेमका पत्ता लिहिणार नाही. शोभेच्या माशांच्या बाजारात ढोकाला आता गिऱ्हाईक आहे आणि एका डोहातले पंधरा-वीस मासे उचलायला एक दुपार पुरते.

पावसाळ्यात हा ओढा मोटरसायकल ढकलून देईल इतक्या जोराने वाहतो. आज धार करंगळीएवढी आहे. अजून महिन्याभरात तीही तुटेल आणि ओढा तीन डोहांपुरता उरेल: अगदी वर काळ्या खडकातला डोह, मध्ये उंबराच्या सावलीतला डोह, आणि रस्त्याखालच्या मोरीतून पाणी पडून पडून खरवडला गेलेला मोरीचा डोह. मोरीच्या खाली साधारण दोनशे पावलांवर पलीकडच्या उतारावरचा एक पऱ्ह्या येऊन मिळतो. त्यालाही वर एक न आटणारा डोह आहे. पाड्यावरच्या आजी त्याला कुंडी म्हणतात.

प्रश्न असा. पाऊस लागला की सगळीकडे पाणीच पाणी, तेव्हा मासा कुठे जातो? आणि पाणी आटायला लागलं की तो आपल्याच डोहात परत येतो, की वाटेत जो लागेल तो डोह धरतो? शास्त्रीय लेखनात याला स्थाननिष्ठा म्हणतात. मला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडम घरओढ म्हणतात. मला दुसरा शब्द जास्त आवडतो, कारण निष्ठा माणसं ठरवून बाळगतात आणि ओढ आतून असते.

ढोक निवडला, म्हणजे चन्ना गाचुआ. मरळीचा धाकटा भाऊ म्हणता येईल. वीतभर वाढतो, शेपटीला आणि पाठीच्या पराला शेंदरी कड. कल्ल्यांच्या वर हवेतला श्वास घेण्याचा वेगळा अवयव असल्यामुळे दर थोड्या वेळाने वर येऊन हवा गिळतो, त्यामुळे काठावर गुपचूप बसलं तर मोजता येतो. शिवाय मासा पुन्हा ओळखता यावा म्हणून पोटात बसवायची खुणेची नळी झेपेल एवढं वजन असतं.

२ मार्च २०२५, रविवार

खुणा करायला सुरुवात. कॉलेजच्या समितीची मंजुरी आणि परवानगीचं पत्र पिशवीत होतं.

नळी काचेची, १२ मिलिमीटर लांब, शिजलेल्या बासमतीच्या शितासारखी. आत बॅटरी नाही. रीडर जवळ आणला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि आपला १५ आकडी क्रमांक सांगते. कुत्र्यामांजरांना जी चिप बसवतात तीच ही, त्यामुळे रीडर एका ओळखीच्या पशुवैद्य डॉक्टरांकडून रविवारपुरता मिळतो. पल्ला मात्र वीतभर. म्हणजे मासा जवळपास हातातच यावा लागतो. नळीचं वजन माशाच्या वजनाच्या २ टक्क्यांपलीकडे जाऊ नये असा संकेत आहे. ही नळी साधारण ०.१ ग्रॅमची, त्यामुळे बारा सेंटिमीटरच्या वरचा ढोक निर्धास्त घेता येतो.

गुंगीसाठी लवंगेचं तेल. ते नुसतं पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी स्पिरिटमध्ये घालून बाटली हलवायची आणि मग टबात थेंब सोडायचे. ढोकाला गुंगी यायला वेळ लागतो, कारण तो कल्ल्यांवर पूर्ण अवलंबून नाही. दांडवण मिनिटभरात आडवी होते. ढोक पाच मिनिटं आपल्याकडे बघत राहतो, मग हळूच एका कुशीवर कलतो. त्या क्षणी ओल्या स्पंजाच्या खाचेत त्याला पाठीवर ठेवायचा, पोटाच्या बाजूला सुई, नळी आत, आणि लगेच ताज्या पाण्यात. पाण्यात धरून ठेवलं की प्रथम कल्ल्यांचं झाकण हलतं, मग शेपटी, मग तो बोटं झिडकारून जातो.

आठवा मासा मोरीच्या डोहातला. साडेसोळा सेंटिमीटर, शेपटीच्या वरच्या कडेचा एक तुकडा तुटून बरा झालेला. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे ४४१७. मोरीच्या उजव्या भिंतीलगत एक फरशीसारखा सपाट दगड आहे, त्याच्याखाली होता.

एकूण १९ झाले. मोरीत ८, उंबरात ६, वरच्या डोहात ५. दिवसभर हाताला दाढदुखीच्या औषधाचा वास.

२३ मार्च २०२५, रविवार

धार तुटली. डोह वेगळे झाले.

सोबतचे मासे लिहून काढले: दांडवण, ठिपक्यांचे लहान पुंटियस, मळ्या, मुरी, शिंगटी एक, वाम एक. मोरीत गप्पीही आहेत, डासांसाठी कुठेतरी सोडलेले इथवर आलेले. ही यादी लिहिताना दरवेळी बरं वाटतं, कारण यातली मराठी नावं शास्त्रात गेली आहेत. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं केली तेव्हा स्थानिक लोक जे म्हणत तेच त्यांनी लॅटिन नावात ठेवलं. मळ्याचं मुल्या झालं, मुरीचं मूरेह, शिंगटीचं सीन्गटी. कोणा भोयाने किंवा कोळ्याने उच्चारलेला शब्द जगभरच्या संग्रहालयांतल्या बाटल्यांवर आहे.

१३ एप्रिल २०२५, रविवार

पहाटे पाचला पोहोचलो. मी, लॅबमधला सहकारी आणि आजींचा नातू. या भागात बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे अंधारात एकट्याने उतरायचं नाही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळतो आहोत.

पहाटेची वेळ मुद्दाम घेतली. रात्रभर शेवाळ आणि कुजणारा पाला प्राणवायू खातात, उजेड नसल्यामुळे नवा तयार होत नाही, त्यामुळे पाण्यातला प्राणवायू सूर्योदयाच्या आधी सगळ्यात कमी असतो. मोरीच्या डोहात आज लिटरला १.८ मिलिग्रॅम निघाला. पुंटियसांचे शेकडो लहान तोंडांचे गोल पृष्ठभागाला चिकटलेले होते, पाऊस पडतोय असं वाटावं इतके. ढोक मात्र निवांत. वर येतो, टप् असा आवाज करून हवा घेतो, खाली जातो.

उंबराच्या डोहात ३.९. तिथे खडकाच्या भेगेतून झरा पाझरतो. दुपारी दोनला मोरीचं पाणी ३३ अंश, उंबराचं २९. एकाच ओढ्यातले दोन डोह आणि मे महिन्यात राहायच्या दृष्टीने दोन वेगळी गावं.

आज १९ पैकी १५ ढोक रीडरला सापडले. सगळे आपापल्या डोहात असणार हे उघड आहे, दुसरीकडे जायला पाणीच नाही. मला नवल वाटलं ते डोहाच्या आतलं. मार्चपासून चार फेऱ्यांत ४४१७ चारही वेळा त्याच सपाट दगडाखाली मिळाला. दगडाच्या एका टोकाला रीडर लावला की आवाज. डोहाची लांबी सगळी मिळून अकरा पावलं, त्यातही याने आपला कोपरा ठरवून घेतलेला आहे.

आजींना सांगितलं तर म्हणाल्या, "त्यात काय? प्रत्येकाला आपली निजायची जागा लागते."

११ मे २०२५, रविवार

सकाळी साडेआठला नातवाचा फोन. "ताई, मोरीत जेसीबी उतरलाय."

पोहोचेपर्यंत दहा वाजले. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई. मोरी तुंबू नये म्हणून डोह खोल करायचं काम कंत्राटदाराला दिलेलं. चालक भला माणूस होता, मी हात केल्यावर त्याने यंत्र बंद केलं, चहा प्यायला गेला. त्याला सांगितलेलं काम तो करत होता. पण तोवर दोन तृतीयांश डोह काठावर ढीग होऊन पडला होता. सपाट दगड तुटून रस्त्याच्या कडेला.

ढिगावर मळ्या आणि मुरी होत्या. सुकायला लागलेल्या, डोळ्यांवर चिखल. मुरी बोटाएवढीच असते, ती चिखलात दिसतही नाही. नातू एकेक उचलून बादलीत टाकत होता आणि बहुतेक पोट वर करून उताण्या होत होत्या. वाम सापडलीच नाही.

मग मला रीडर आठवला. गाळाच्या ढिगावरून तो फिरवायला लागले, शेतात धातूशोधक फिरवतात तसा. तिसऱ्या फेरीला आवाज आला. हाताने उकरलं. वीतभर खाली एक ढोक, मेलेला, यंत्राच्या दाताने मधोमध कापलेला. आणखी दोन हात पुढे पुन्हा आवाज. पडद्यावर शेवटचे आकडे ४४१७. हळूहळू चिखल बाजूला केला. आधी शेंदरी कड दिसली, मग डोकं. तोंड उघडं, अंग चिखलाने लिंपलेलं, आणि कल्ल्याचं झाकण हललं. तासाभरापेक्षा जास्त वेळ तो त्या ओल्या गाळात हवेवर जगला होता. ओढ्यातले दुसरे बहुतेक मासे तेवढा वेळ टिकले नसते.

डोहाच्या उरलेल्या डबक्यातून आणखी चार खुणेचे ढोक निघाले. जिवंत पाच, मेलेला एक, दोन बेपत्ता.

उद्या यंत्र परत येणार होतं. उंबराचा डोह आधीच दाटीचा, तिथे पाच मोठे ढोक सोडले तर हाणामारी झाली असती. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या कुंडीत ने आणि तारीख, वेळ, लांबी सगळं लिही, आता तुझ्या प्रयोगाचा प्रश्न बदललाय.

पाचही कुंडीत सोडले. कुंडीतून मोरीला यायचं तर आधी पऱ्ह्याने खाली संगमापर्यंत उतरायचं आणि मग आपला ओढा दोनशे पावलं वर चढायचा. नुसतं वाहून गेलं तर मासा मोरीच्या डोहात पोहोचूच शकत नाही.

रात्री झोप लागली नाही. राग कोणावर काढायचा हेही कळत नव्हतं. सफाईची गरज मला माहीत आहे. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा आमच्या तळमजल्यात छातीइतकं पाणी होतं, आईने मला माळ्यावर बसवलं होतं. मोऱ्या मोकळ्या असल्याच पाहिजेत. पण ज्या महिन्यात अख्ख्या ओढ्याचे मासे तीन खड्ड्यांत गोळा झालेले असतात त्याच महिन्यात खड्डा तळापासून खरवडायचा, याचा अर्थ ओढ्याचं पुढच्या वर्षीचं बियाणंच काठावर फेकायचं.

२७ मे २०२५, मंगळवार

नोंद सविस्तर लिहिते आहे, कारण अशी पहाट माझ्या वाट्याला पुन्हा कधी येईल माहीत नाही.

काल, २६ मेला हवामान खात्याने मुंबईत मान्सून आल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जून. याआधीचं सगळ्यात लवकरचं आगमन २९ मेचं होतं, १९५६ सालातलं. कुलाब्याने मे महिन्याच्या पावसाचा १९१८पासूनचा विक्रम मोडला. आम्ही वलगणीची तयारी मृगासाठी धरली होती आणि मृगाला अजून बारा दिवस होते.

वलगण हा शब्द मी आजोबांकडून ऐकला. रायगडात पहिल्या जोराच्या पावसाला मासे खाडीकडून, नदीकडून, डोहांतून शेताकडे चढतात. चढणीचे मासे. आजोबा सांगायचे की बांधावर कंदील घेऊन उभं राहिलं की पायाला मासे लागायचे.

पहाटे पावणेपाचला मोरीवर पोहोचलो. ओढा आला होता. गढूळ, चहाच्या रंगाचा, पाल्याचा वास. गाळाचा ढीग पावसाने अर्धा पुन्हा डोहात नेला होता, हे आधी दिसलं. मग टॉर्च मोरीच्या तोंडावर मारला आणि तिथून हलता आलं नाही.

मोरीच्या फरसबंदीवरून पाणी डोहात पडतं. ती पायरी आज मोजली, ३८ सेंटिमीटर. पुंटियस आणि दांडवण त्या धारेवर उड्या मारत होते. पाण्याच्या पडद्याला मधोमध आपटायचे, एक क्षण तिथेच चिकटल्यासारखे थरथरायचे आणि मागे पडायचे. पुन्हा. दहा मिनिटांत मी एकाच मिनिटाची उड्यांची मोजणी पाच वेळा करायचा प्रयत्न केला आणि दरवेळी सोडून दिला. एकही वर गेलेला पाहिला नाही. मळ्याला तोंडाखाली चिकटण्यासाठी चकती असते, तो भिंतीच्या ओल्या कडेने इंच इंच चढत होता, आणि फरशीचा कोपरा बाहेर आलेला आहे तिथे सुटून पडत होता.

खालच्या अंगाला पाड्यावरच्या बायका, पोरं मासे धरायची झिलं आणि मच्छरदाणीचे तुकडे घेऊन होती. आजीही होत्या. त्यांनी आपल्या टोपलीतून पोट फुगलेल्या चार दांडवणी काढून परत पाण्यात टाकल्या. म्हणाल्या, "चढतीला पोटुशी असतात. उतरतीला घ्यावे. एवढे घेतले पुष्कळ झाले."

कुंडीकडे धावत गेलो. कुंडी भरून वाहत होती. खुणेचा एकही ढोक मिळाला नाही, पाण्याला इतका जोर असताना मिळणारही नव्हता.

८ जून २०२५, रविवार

मृग लागला. तीन आठवड्यांत खुणेचा एकही मासा नाही. तिन्ही डोहांत आणि कुंडीत फक्त वाहतं पाणी.

मॅडमनी वाचायला दिलेल्या दोन गोष्टींवर इथे लिहून ठेवते. शेल्बी गर्किंग यांनी १९५९ साली अनेक अभ्यास एकत्र करून दाखवलं की ओढ्यानद्यांतले मासे आपला छोटा टापू सोडत नाहीत. बरीच वर्षं सगळे तसंच धरून चालले. १९९४ साली चार्ल्स गोवन आणि सहकाऱ्यांनी त्यातली खोच दाखवली: खूण केलेला मासा पुन्हा शोधायचा तर लोक खूण केली तिथेच शोधतात. जे राहिले ते सापडतात, जे गेले ते हिशेबातच येत नाहीत, आणि निष्कर्ष निघतो की मासे जात नाहीत.

मी नेमकं हेच करत होते. डोहात रीडर घालून बसले होते. पाणी डोहाबाहेर पसरलंय आणि मासा डोहातच असेल असं मी कशावरून धरलं? पुढच्या रविवारपासून काठापासून पन्नास पावलांपर्यंतचं गवत, चर, केळीच्या बागेतलं साचलेलं पाणी, सगळं चाळायचं.

२९ जून २०२५, रविवार

सापडला.

उंबराच्या डोहापासून ओढ्याच्या कडेने एकशे दहा पावलं, आणि ओढा सोडून बाजूला आणखी तीस. घोट्याएवढं स्वच्छ पाणी, गवत, खाली बुडालेला लाजाळू. नातवाने आधी पाहिला. ढोक पानाखाली स्थिर, हलायला तयार नाही, गळा पिशवीसारखा फुगलेला.

नर. ढोकाचा नर अंडी आणि नंतर पिल्लं तोंडात सांभाळतो. त्या दिवसांत तो जवळपास काही खात नाही. त्याला पकडलं असतं तर त्याने अंडी टाकून दिली असती. सहकाऱ्याने जाळी पुढे केली होती, मी मागे घ्यायला लावली.

रीडर दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, तळाशी धरून, अर्ध्या मिनिटाला एक बोट या गतीने जवळ नेला. मासा डोळा फिरवून बघत होता. त्याच्या बुबुळाभोवतीची सोनेरी रेघ मला दिसत होती. वीतभर अंतरावर आवाज झाला. ०९३६. उंबरातला, मार्चमधला, चौदा सेंटिमीटरचा.

म्हणजे उन्हाळ्याचं घर खोल आणि दगडाखालचं, पावसाळ्याचं घर घोट्याएवढं आणि गवतातलं. बाजूच्या गवतात जिथे दुचाक्या लावतात, राडारोडा टाकतात, तीच या माशाची बाळंतिणीची खोली आहे. बाळंतीण नर असला तरी.

२० ऑगस्ट २०२५, बुधवार

परवा आणि काल शहर ठप्प होतं. लोकल बंद, मिठी नदी धोक्याच्या पातळीवर, कुर्ल्यात लोकांना हलवावं लागलं. ओढ्यावर जायचा प्रश्नच नव्हता. आज दुरून पाहिलं. मोरीच्या वरून पाणी गेल्याच्या खुणा, कठड्याला प्लास्टिक लटकलेलं. मोरीच्या डोहात मे महिन्यात जेवढा गाळ काढला त्याहून अधिक पुन्हा भरलाय.

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

पाणी निवळतंय. गप्पी एकही नाही, पुरात वाहून गेले असावेत. पुंटियसची पिल्लं उंबराच्या खाली झुंडीने. खुणेचे दोन ढोक गवतातल्या चरात मिळाले, दोन्ही ओढ्याच्या दिशेला सरकलेले.

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज मोठी फेरी. धार बारीक झाली, डोह पुन्हा डोह दिसू लागले. चौघांनी सकाळी सहा ते संध्याकाळी पाच चारही ठिकाणं आणि मधला सगळा ओढा पायाखाली घातला.

मोरीच्या डोहात उजव्या भिंतीलगत रीडर धरला तेव्हा मला काहीच अपेक्षा नव्हती. तिथे आता दगड नाही, नुसती काँक्रीटची भिंत आणि तिच्या बुडाशी पाण्याने केलेली अरुंद खाच. आवाज आला. पडद्यावर आकडे येईपर्यंत श्वास रोखला होता. ४४१७.

जाळीने काढला. शेपटीचा तुटका तुकडा तोच. साडेसोळाचा अठरा सेंटिमीटर झालाय.

कुंडीत सोडलेल्या पाचांपैकी हा आणि आणखी एक मोरीत. एक कुंडीतच राहिलेला. दोन कुठेही नाहीत. उंबरातले सहापैकी चार उंबरात, ०९३६ धरून. वरच्या पाचांपैकी तीन वरच, एक उंबरात उतरलेला. मोरीतला एकही मासा उंबरात नाही. ३८ सेंटिमीटरच्या पायरीशी हे जुळतं.

संध्याकाळी मॅडमशी बराच वेळ बोलणं झालं. मी फार उत्साहात होते, त्यांनी तो कमी केला नाही, पण तीन गोष्टी लिहायला लावल्या. एक, पाचातले दोन म्हणजे फार थोडे. दोन, परत आलेला मासा घर आठवून आला की उतारावरचा पहिला खोल डोह म्हणून थांबला हे एका फेरीत सांगता येत नाही. दगड नसतानाही तोच कोपरा, हे पहिल्या शक्यतेकडे झुकतं, एवढंच म्हणायचं. तीन, तो संगमावरूनच आला असं धरू नकोस. ढोक ओल्या गवतावरून सरपटत जाऊ शकतो आणि कुंडी आणि मोरी यांच्यामध्ये उभा उतार असला तरी अंतर थोडं आहे.

कसा ओळखला असेल? आर्थर हॅसलर यांनी सामन माशांवर दाखवलं की ते जन्मओढ्याच्या पाण्याचा वास लक्षात ठेवतात. आमचा मासा समुद्रातून येत नाही, पण प्रत्येक पाण्याला आपला वास असतो हे मला उंबराच्या डोहाकाठी बसून पटतं. पडलेली उंबरं, कुजता पाला, गेरूसारखी माती. कुंडीच्या पाण्याला तो वास नाही.

१४ डिसेंबर २०२५, रविवार

मोरीच्या डोहात दगड परत ठेवले. रस्त्याच्या कडेला पडलेले डोहाचेच जुने दगड, सहा मोठे, चार लहान. पाड्यावरचे तिघे मदतीला आले. मोरीच्या तोंडापासून चार पावलं सोडून, पाणी अडणार नाही असे एका बाजूला रचले.

पायरीपुढे दगडांचा उतार रचता येईल का याचं गणित केलं. लहान माशांना चढायला एकास वीस इतका सौम्य उतार हवा. ३८ सेंटिमीटरसाठी ७.६ मीटर. डोहाच्या एका कडेने जागा आहे. पण मोरीला हात लावायचा तर ज्यांचा रस्ता त्यांची परवानगी हवी. अर्ज तयार करतेय.

११ जानेवारी २०२६, रविवार

अर्ज दिला. मागणी तीनच ओळींची ठेवली. मोरीचं तोंड आणि नळ पूर्ण साफ करा. डोहाची उजवी बाजू, भिंतीपासून दोन मीटर, तळापर्यंत खरवडू नका. काढलेला गाळ काठावर न ठेवता त्याच दिवशी हलवा, कारण गेल्या वर्षी पहिल्या पावसात तो परत आत आला आणि केलेलं काम वाया गेलं. सोबत २७ मे आणि २० ऑगस्टचे फोटो जोडले. माशांचा फोटो एकच, ४४१७चा.

१ मार्च २०२६, रविवार

खुणा करून एक वर्ष झालं. धार तुटायच्या बेतात.

४४१७ आम्ही ठेवलेल्या दगडांखाली नाही. तो भिंतीच्या बुडाच्या खाचेतच आहे. दगडांखाली मुरी आल्या आहेत, आज सात मोजल्या. मे महिन्यानंतर मोरीत मुरी दिसण्याची ही पहिली वेळ. त्या कुठून आल्या ते मला सांगता येत नाही. वरून पायरी उतरून आल्या असतील तर वरच्या डोहांनी खालचा भरून काढला.

अर्जाला लेखी उत्तर नाही. पण कामावरचा मुकादम परवा जागा बघायला आला तेव्हा नातवाने त्याला गाठून भिंतीची बाजू दाखवली. त्याने ऐकून घेतलं, भिंतीवर खडूने दोन मीटरची रेघ ओढू दिली आणि माझा नंबर घेतला. यंत्र एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येईल म्हणाला, आदल्या दिवशी फोन करतो.

खडू पाण्याने जाईल. पुढच्या रविवारी पिवळा ऑइलपेंट न्यायचा. दोन मोठ्या बादल्या, हातजाळ्या आणि बॅटरीवरचा हवेचा पंप नातवाच्या घरी आत्तापासून ठेवायचा. पशुवैद्य डॉक्टरांना रीडर एप्रिलचा तो पूर्ण आठवडा मागून ठेवायचा.